दिवाळीच्या सुट्टीतली घरची शाळा



आज आम्ही दिवाळीविषयी बोलणार आहोत. फराळ कसा करायचा ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आम्ही बोलणार आहोत ते सुट्टीत घरी असलेल्या मुलांविषयी आणि त्यांच्या शिकण्याविषयी.

आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यावर जातात. चार-पाच महिने उसाच्या फडात आणि कोपीत राहायचं, मार्च-एप्रिलला परत यायचं. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. म्हणून दिवाळीची सुट्टी ही आमच्या मुलांसाठी नुसती सुट्टी नसते. काहींच्या वह्या दिवाळीला मिटतात त्या थेट उन्हाळ्यात उघडतात.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी चौथीत असताना अशीच कारखान्यावर गेली होती. जाताना तिला भागाकार येत होता. परत आली तेव्हा वजाबाकीत हातचा घ्यायचंही विसरली होती. सर काही बोलले नाहीत, पण पोरीनंच घरी येऊन सांगितलं, "आई, मी आता शाळेत जात नाही, मला लाज वाटती." दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून हे ऐकून ताईंना रात्रभर झोप लागली नाही.

मग गटाच्या बैठकीत विषय निघाला. ताई म्हणाल्या, "मी पाचवीपर्यंत शिकलेली. मी काय शिकवणार?" हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकीच्या मनात होतं. त्यावर आम्ही बरंच बोललो आणि ठरवलं, की येत्या दिवाळीचे सात दिवस आपापल्या घरात शाळा भरवून बघायची. ताईंच्या घरी मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत, आजी आणि आई-बाप अशी पाच माणसं. त्यांच्या घरात तो आठवडा कसा गेला ते आज सांगतो. आमच्याही घरातलं थोडं सांगू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शहरात काही आई-बाप मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. आपण ते करत नाही. मुलांनी शाळेतच गेलं पाहिजे. पण शाळा बंद असते तेव्हा शिकणंही बंद पडलं पाहिजे असं कुठं आहे?

तीनच नियम

आम्ही तीन नियम केले. पहिला, वेगळा वेळ काढायचा नाही. दिवाळीत कुठल्या बाईकडं वेळ असतो? जे काम चाललंय त्यातच मुलांना घ्यायचं, मुलगी असो की मुलगा. दुसरा, उत्तर लगेच सांगायचं नाही. मुलानं चुकीचं सांगितलं तर "बरं, मोजून बघ" एवढंच म्हणायचं. तिसरा, रात्री झोपायच्या आधी वहीचं एक पान. आज काय केलं ते मुलानं चार ओळींत लिहायचं, चित्र काढलं तरी चालेल, आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवायचं. ज्या आईला वाचता येत नाही तिनं ऐकायचं. ऐकणारं माणूस असलं की मूल वाचतं.

आदला दिवस : किल्ला

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मुलांनी अंगणात किल्ला केला. दरवर्षी करतात. या वेळी आईनं दोनच प्रश्न विचारले. किल्ल्यावर पाणी कुठून येणार? आणि पाऊस आला तर माती राहील का?

मुलांनी किल्ल्याच्या एका बाजूला ओल्या मातीवर अळीव पेरले आणि दुसरी बाजू उघडी ठेवली. अळीव तीन-चार दिवसांत उगवतात. पाडव्यापर्यंत ती बाजू हिरवी झाली. मग दोन्ही बाजूंवर तांब्यानं सारखंच पाणी ओतलं. उघड्या बाजूची माती घळाघळा वाहून खाली आली. हिरव्या बाजूची बरीचशी जागेवर राहिली, कारण मुळांनी ती धरून ठेवली होती. बांधावर गवत का राखायचं आणि डोंगरावर झाडं का हवीत, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसरीतला पोरगा म्हणाला, "म्हणजे आपल्या वरच्या रानाची माती अशीच जाती?" होय बाळा, अशीच जाते.

वसुबारस : गाय आणि डेअरीची पावती

ताईंच्या सासूबाईंची एक गाय आहे. गाय-वासराची पूजा झाल्यावर आजीनं नातवंडांना विचारलं, "ही कधी येणार सांगा बरं?" गाय साधारण २८० दिवस गाभण असते. आपल्या जुन्या बाया नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, ते जवळपास तेवढंच भरतं. गाय भरवल्याची तारीख आजीच्या ध्यानात होती. मुलीनं कॅलेंडर काढलं आणि एकेका महिन्याचे दिवस मोजत पुढं गेली. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा, हे मुठीच्या उंचवट्यांवर मोजायला आजीनंच शिकवलं. निघालेल्या तारखेभोवती लाल गोल केला.

मग डेअरीच्या पावत्या काढल्या. आपण पावतीवरचा शेवटचा आकडा बघतो आणि घडी करून ठेवतो. पण पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर असे चार आकडे असतात. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धता सोडून दुधात जे घट्ट घटक उरतात ते. गायीच्या दुधाचा दर ठरवताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात. त्याच्या खाली गेलं की दर कापला जातो. मुलीनं दहा दिवसांचे फॅट एकाखाली एक लिहिले. कुठल्या दिवशी कमी लागला ते बघितलं आणि आजीला विचारलं, "त्या दिवशी गाईला काय घातलं होतं?" आजी म्हणाली, "कडबा नव्हता, नुसता हिरवा चारा होता." हे आम्हा मोठ्यांनाही कधी सुचलं नव्हतं. कोरडी वैरण कमी पडली की फॅट उतरतो.

धनत्रयोदशी : औषधं आणि कार्डं

या दिवशी आपण धन्वंतरीची पूजा करतो, धने-गूळ वाटतो. आम्ही ठरवलं की घरातली औषधांची पिशवी याच दिवशी तपासायची. प्रत्येक पाकिटावर औषध बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. ती बारीक अक्षरं आपल्याला दिसत नाहीत, पण मुलांना दिसतात. आमच्या एका घरात तापाचं औषध दोन वर्षांपूर्वीच मुदत संपलेलं निघालं.

मग मुलांची लसीकरणाची कार्डं काढली, कुठला डोस राहिलाय ते बघितलं आणि कार्डाची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली. कारखान्यावर जाताना हे कार्ड बरोबर हवं.

त्याच दिवशी मुलांनी जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी करायला शिकून घेतलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा, आणि सपाट म्हणजे वरून बोटानं सारखा केलेला. प्रमाण चुकवायचं नाही. मीठ जास्त पडलं तर लहान लेकराला ते बाधतं. चव घेऊन बघायची, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. माप बरोबर का हवं ते एका चमच्यानं समजलं.

नरक चतुर्दशी : कारीट, उटणं आणि भाजल्यावरचं पाणी

पहाटे पायाखाली फोडायचं कारीट मुलांनी आदल्या दिवशी बांधावरून शोधून आणलं होतं. ते काकडीच्या कुळातलं आहे हे त्याच्या वेलावरून आणि पिवळ्या फुलावरून कळतं. आजीनं बांधावरच्या अकरा वनस्पती नावानं ओळखून दाखवल्या. मुलीनं पानं वहीत चिकटवून खाली नावं लिहिली.

सकाळी फटाके वाजवायच्या आधी भाजलं तर काय करायचं ते मुलांकडून करवून घेतलं. भाजलेल्या जागेवर स्वच्छ गार पाणी वीस मिनिटं सोडत राहायचं. बर्फ लावायचा नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळदही नाही. अंगठी-बांगडी लगेच काढायची, कारण सूज आली की ती निघत नाही. फोड फोडायचा नाही. स्वच्छ ओल्या कापडानं झाकायचं आणि दवाखान्यात न्यायचं. जास्त भाजलं असेल तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवायची. हे कोपीतही उपयोगी पडतं. तिथं चूल अंगणातच असते आणि चुलीपाशी लेकरू एकटं असतं.

फराळाचा हिशेब

फराळ चार दिवस चालूच असतो, म्हणून त्याचं एकत्रच सांगतो. चकलीच्या भाजणीला आम्ही एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ आणि पाव किलो मूग डाळ घेतो. सगळं मिळून दोन किलो. आता मुलाला विचारा, भाजणीत तांदूळ किती भाग? निम्मे. हरभरा डाळ? पाव. उडीद? आठवा भाग. शाळेत अपूर्णांक रडवतो तो हाच. परातीत ढीग करून दाखवला की तो समजतो. मग पुढचा प्रश्न. तीन किलो तांदळाची भाजणी करायची तर डाळी किती? मुलीनं आधी चुकीचं सांगितलं. ताई म्हणाल्या, "बरं, मोजून बघ." तिनं मोजलं आणि स्वतःच दुरुस्त केलं.

तेलात चकली टाकली की बुडबुडे येतात. ते कशाचे? मुलगा म्हणाला तेल उकळतंय. खरं तर ती पिठातल्या पाण्याची वाफ असते. वाफ निघून गेली की बुडबुडे कमी होतात, मग चकली तळून झाली असं समजायचं. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त झालं तर तेलात विरते. हे तुम्हाला हातानं माहीत आहेच, आता ते मुलांना सांगा.

आता आमच्या स्वतःच्या डोळ्यांत अंजन घालणारी गोष्ट. आमचा गट दिवाळीला चकली विकतो. मुलांना हिशेब करायला दिला. सोपे आकडे घेऊन सांगतो. समजा दोन किलो भाजणीला धान्य-डाळी २०० रुपये, तीळ-मसाला ६०, तेल १५०, दळण २०, गॅस ५० आणि पिशव्या २०. एकूण ५०० रुपये. चकली झाली अडीच किलो. म्हणजे किलोला २०० रुपये खर्च. आम्ही २४० नं विकत होतो आणि किलोमागं चाळीस रुपये सुटले म्हणून खूश होतो. अडीच किलोला शंभर रुपये. त्यावर गटातल्या एका पोरानं विचारलं, "दोघी दिवसभर बसल्या, तर दोघींचा रोज कुठं लिहिलाय?" आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. एकीला पन्नास रुपये पडत होते. शेतात खुरपायला गेलो असतो तर त्याच्या कितीतरी पट मिळाले असते. त्या दिवशी आमच्या वहीत खर्चाच्या खाली मजुरीची ओळ आली, ती आता कायमची आहे.

लक्ष्मीपूजन : वही आणि पेटी

या दिवशी सकाळी काहीच शिकवणं झालं नाही. सारवण, रांगोळी, पाहुणे यातच दिवस गेला. तसा एखादा दिवस जाऊ द्यावा, घाई करू नये.

संध्याकाळी केरसुणीची पूजा झाली आणि आजीनं गटाचं पासबुकही पाटावर ठेवलं. तिथूनच विषय निघाला. गटातून पाच हजार काढले, व्याज शेकडा दोन रुपये महिना, तर महिन्याला किती? शंभर. सावकाराकडून शेकडा पाचनं घेतले तर? अडीचशे. वर्षाला किती फरक? मुलीनं गुणाकार केला. गटाचे बाराशे आणि सावकाराचे तीन हजार. अठराशे रुपयांचा फरक. बाप शेजारी बसून ऐकत होता. तोपर्यंत तो या घरच्या शाळेला हसत होता.

मग ताईंनी पेटीतून गेल्या हंगामाच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. हे कुटुंब गाडीसेंटरला होतं. बैलगाडीची खेप कारखान्याच्या काट्यावर गेली की वजनाची पावती मिळते. ताईंनी एकही टाकली नव्हती, पण बेरीज कधी केली नव्हती. मुकादमानं हंगामाच्या शेवटी जो आकडा सांगितला तोच धरला होता.

पावतीवर २.३४५ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आधी ते वाचायला शिकावं लागलं. एक टन म्हणजे हजार किलो. टिंबाच्या आधी टन, टिंबानंतरचे तीन आकडे किलो. म्हणजे दोन टन तीनशे पंचेचाळीस किलो. दहा-दहा पावत्यांच्या जुड्या केल्या आणि सुतळीनं बांधल्या. प्रत्येक जुडीची बेरीज वेगळ्या कागदावर घेतली. आई वाचायची, मुलगी लिहायची, मुलगा सुतळी बांधायचा. रात्री अकरा वाजले. नऊ जुड्या आणि वर सात, अशा ९७ पावत्या निघाल्या. बेरीज आली २२३ टन. मुकादमाच्या हिशेबात होते २१४ टन आणि ९३ खेपा.

मुलीला वाटलं आपलंच चुकलं. ती रडायला लागली. ताई म्हणाल्या, "बरं, परत मोजू." पाडव्याच्या सकाळी परत मोजलं, तेच आलं. चार खेपा आणि नऊ टन कमी धरले होते. टनाला ३६६ रुपयांनी नऊ टनांचे ३,२९४ रुपये होतात.

दोन दिवसांनी ताई आणि त्यांचे मालक जुड्या घेऊन मुकादमाकडं गेले. भांडले नाहीत. जुड्या पुढं ठेवल्या आणि मुलीचा कागद दाखवला. मुकादम म्हणाला, लिहायचं राहिलं असेल. ते पैसे नव्या उचलीतून वळते करायचं त्यानं कबूल केलं आणि ताईंनी ते वहीवर लिहून सही घेतली. पोरीच्या शिक्षणाचा उपयोग काय, असं त्या घरात आता कोणी विचारत नाही.

पाडवा : रांगोळी आणि बळीराजा

पाडव्याला ठिपक्यांची रांगोळी घातली. पाच ते एक ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मधली ओळ पाचाची, आणि वर-खाली चार, तीन, दोन, एक. एकूण ठिपके किती? मोजा, पंचवीस येतात. सात ते एक घातली तर एकोणपन्नास. पाच पाचे पंचवीस, साती साती एकोणपन्नास. मुलीला हे कोणी सांगितलं नाही. ती नऊ ते एकची घालून बघते म्हणाली, आणि एक्क्याऐंशी आले तेव्हा टाळ्या वाजवत घरभर फिरली.

या दिवशी आपण बळीराजाची आठवण काढतो. शेतकऱ्यांच्या या राजाविषयी महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आलेल्या 'गुलामगिरी' या पुस्तकात लिहिलं आहे. फुल्यांचं नाव निघालं की सावित्रीबाई आठवतात. लग्न झालं तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. घरीच जोतीरावांनी त्यांना शिकवलं आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या तिथं शिकवू लागल्या.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. त्यांचा जन्म १८५८ चा. त्या लहानपणी कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. त्यांना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंना शिकवलं होतं त्यांच्या नवऱ्यानं, घरातच. रमाबाई पुढं कलकत्त्याला गेल्या तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. घर ही शिकायची जागा आहे, हे आपल्या मुलखात नवीन नाही.

भाऊबीज : चंद्राची कोर आणि आजीच्या ओव्या

भाऊबीजेला दिवस मावळल्यावर सगळी मुलं माळवदावर चढली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र नव्हता, कारण अमावस्या होती. आज पश्चिमेला बारीक कोर दिसली आणि थोड्या वेळात मावळली. रोज बघत गेलं तर कोर मोठी होत जाते आणि चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा मावळतो. मुलांनी पौर्णिमेपर्यंत रोज कोर वहीत काढायचं ठरवलं.

तिथं एक प्रश्न निघाला. दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते? जुनी कॅलेंडरं काढली. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दर वर्षी अकरा दिवस अलीकडं. कारण चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांचे आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. असंच चालू राहिलं तर दिवाळी पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना धरतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून लक्ष्मीपूजन पुढं सरकून ८ नोव्हेंबरला जातं. जावयाला अधिकाचं वाण देताना हा हिशेब आपण कुठं बघितला होता?

रात्री आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मुलगी लिहून घेत होती. आजीला लिहिता-वाचता येत नाही. पण बहिणाबाई चौधरींना तरी कुठं येत होतं? त्यांची गाणी मुलानं आणि घरच्यांनी लिहून ठेवली होती म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि आज ती शाळेत शिकवतात. नातीनं ओवी वाचून दाखवली तेव्हा आजी म्हणाली, "माझं बोललेलं कागदावर असं दिसतं होय?" आणि तिनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर गिरवून मागितलं. घरच्या शाळेला एक विद्यार्थी वाढला.

दिवाळीनंतर काय?

सात दिवस संपले आणि खरा प्रश्न समोर आला. मुलांना न्यायचं की ठेवायचं? ताईंच्या घरात दोन दिवस बोलणं चाललं. शेवटी मुलीला आजीजवळ ठेवायचं ठरलं. मुलगा लहान, आईशिवाय राहत नव्हता, त्याला बरोबर न्यायचं ठरलं. असा निर्णय प्रत्येक घराचा वेगळा असेल, आणि त्याबद्दल कुणी कुणाला नावं ठेवू नयेत. पण चार गोष्टी सगळ्याजणींनी माहीत करून घ्या.

पहिली, ऊसतोडीच्या काळात मुलांना गावातच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय असते. आपल्या गावात ती सुरू होणार का, हे मुख्याध्यापकांना दिवाळीच्या आधीच विचारा. गटानं मिळून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

दुसरी, मूल बरोबर न्यायचं असेल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत जायचं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला नाही म्हणून किंवा वर्षाच्या मध्येच आला म्हणून शाळा नाकारू शकत नाही. त्याच्या वयाच्या वर्गात त्याला घ्यावं लागतं.

तिसरी, मुलाची एक पिशवी भरून द्या. पाटी, वही, पेन्सिल, गोष्टीची दोन पुस्तकं, जुनं कॅलेंडर आणि मोजपट्टी. ताईंच्या मुलाकडं रोज खेपेची पावती ओळीनं लावायचं आणि वजन मोठ्यानं वाचायचं काम होतं. फडातून दमून आलेल्या आईला शिकवायला जमत नाही, पण रात्री पाच मिनिटं ऐकायला जमतं.

चौथी गोष्ट तुमच्यासाठी. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना दहावीची परीक्षा बाहेरून देता येते. बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी-बारावी करता येते. जवळच्या हायस्कूलमध्ये जाऊन चौकशी करा. आमच्या गटातल्या दोघींनी केली आहे.

मार्चअखेरीस ताई परत आल्या. मुलगा पिशवी घेऊन उतरला आणि गाडीवरच बहिणीला म्हणाला, "ह्या बारीला १०२ पावत्या." मुलगी तोपर्यंत शाळेत रोज जात होती आणि भागाकार तिला पुन्हा येऊ लागला होता. पावत्यांच्या जुड्या त्या रात्रीच बांधून झाल्या. या वेळचा हिशेब मुकादमाच्या हिशेबाशी जुळला.

तर बायांनो, येत्या दिवाळीत मुलांना "जा, बाहेर खेळ, कामात लुडबुड करू नको" असं म्हणायच्या आधी एकदा त्यांच्या हातात मापटं द्या, पावती द्या. आणि रात्री त्यांचं एक पान ऐका. तुमच्या घरात काय घडलं ते गटाच्या बैठकीत सांगा, आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते आपण इथंच सगळ्यांना ऐकवू.